पोरांचा मोबाईल सोडवायचाय? आधी डेटा पॅक वाढवा

मंडळी, पोरं मोबाईल सोडत नाहीत म्हणून रडताय? रडू नका. मागच्या रविवारी लेकीच्या शाळेने याच विषयावर पालकांना मार्गदर्शन केलं, आणि तेव्हापासून मी एक्स्पर्ट झालेय. तुम्हाला फुकट सांगते.

तर, असं मार्गदर्शन नेहमी ऑनलाइनच ठेवायचं. कॅमेरा ऑन आणि 'पाल्यास शेजारी घेऊन बसावे'. आमचं एकच रूम-किचन, त्यामुळे चौथीतल्या पाल्याबरोबर तीन वर्षांचा धाकटाही बसला. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे, म्हणजे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, आकडे स्लाइडवर आले, दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, 2 ते 5 वर्षांना फार तर 1 तास, 5 ते 10 ला 2 तासांच्या आत. ही स्लाइड येईपर्यंत एक तास पाच मिनिटं झाली होती, म्हणजे धाकट्याचा दिवसाचा कोटा मार्गदर्शनातच खपला.

जेवताना मुलांना मोबाईल देऊ नका, बाबांचा आमटीच्या वाटीला टेकवलेला असतो तेवढा पुरे.

पोरांच्या फोनवर वेळेचं कुलूप लावणारं गुगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप टाका आणि फोनचा पिन स्वतःचं जन्मसाल ठेवा, पोरांना शोधायला त्रास नको.

मग येतो उपक्रम. 'मी आणि माझा स्क्रीनमुक्त वेळ' यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ, शाळेच्या अ‍ॅपवर अपलोड करायचा, मेसेज रात्री साडेनऊला आणि डेडलाइन सकाळी आठ. मी बुद्धिबळाचा पट काढला, एक घोडा हरवलाय तिथे शार्पनर ठेवला, लेकीला समोर बसवलं, चौदा टेक झाले, एकात धाकट्याने राणी तोंडात घातली, एकात कुकरची शिट्टी, मग फाइल मोठी म्हणून अपलोड होईना, ती लहान करायला दुसरं अ‍ॅप, त्याच्या तीस-तीस सेकंदांच्या जाहिराती. पावणेबाराला पोरगी पेंगत पेंगत म्हणते, "आई, एक डाव खरंच खेळूया ना?" मी म्हटलं, वेडी आहेस का, अजून खाली नाव टाकायचंय.

आणि हो, संध्याकाळी मुलांना खाली पाठवा. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत बोर्डच आहे, 'आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई'. उभं राहून गाड्यांची कव्हरं बघायला मनाई नाही.

बास झालं, आता सरळ बोलते. होमवर्क अ‍ॅपवर, सर्क्युलर अ‍ॅपवर, चित्रकलेचा फोटो अ‍ॅपवर, आणि वर आम्हालाच लेक्चर की घरी शिस्त नाही? फळ्यावर लिहा, पोरं वहीत उतरवून घेतील, आम्ही नाही का घेतलं? आणि आपण आईबाप तरी काय, मीही ते चौदा टेक निमूटपणे केलेच ना, एकीनेही ग्रुपवर लिहिलं नाही की हे जमणार नाही, उलट अंगठे आणि 'थँक यू टीचर'!

आणि कमिटीतले काका, तुम्ही तर बोलूच नका. 'आजकालची मुलं मैदानात दिसत नाहीत' असं ग्रुपवर फॉरवर्ड करता? कुठलं मैदान? गेटपाशी चार टप्पे टाकले म्हणून लेकीचा बॉल जप्त केलात, दोन आठवडे झाले, सोसायटी ऑफिसच्या कपाटात फायलींवर पडलाय. तो आधी परत द्या. निळा आहे, वर मार्करने तिचं नाव लिहिलंय.