आठ म्हणजे आठ, आणि नारळ सव्वादहाला

आज रविवार. सकाळी साडेसातला लेकीला स्कूटरवर मागे बसवून बेळगावातल्या मैदानावर पोचलो. रात्रभर पाऊस, गोलपोस्टपाशी घोटाभर पाणी. चौदा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉलची निवड चाचणी होती. शुक्रवारीच ग्रुपवर मेसेज आलेला: आठ म्हणजे आठ, उशिरा येणाऱ्याला घेतलं जाणार नाही, कारणं सांगू नयेत.

मी तरी फोन करून कारण सांगितलंच. म्हटलं, सर, आमच्या चर्चची मराठी उपासना साडेआठला असते, दहाला सुटते. सव्वादहाला पोरगी बूट बांधून तुमच्यासमोर उभी असेल, तिचा नंबर शेवटी लावा. सर म्हणाले, "एकीसाठी वेळ बदलली तर उद्या सगळेच मागतील. डिसिप्लिन म्हणून काही आहे की नाही?"

मी गप्प बसलो. डिसिप्लिनपुढं काय बोलणार.

चाचणी सुरू झाली सव्वादहाला.

कारण पाहुणे यायचे होते. कोण ते सोडा, तुम्ही ओळखत असाल तर उगाच माझ्याशी भांडाल. नारळ त्यांच्याच हातून फुटायचा होता. साडेआठला विचारलं तर "स्वल्प तडीरी", म्हणजे कानडीत जरा थांबा. नऊला विचारलं तर "गोगटे सर्कलला आलेत". गोगटे सर्कलपासून मैदानापर्यंत चालत आले असते तरी पंधरा मिनिटं. पोरी मोजे भिजवत उभ्या. वॉर्मअप तीनदा झाला, कारण एकदा केलं की अंग गार पडायचं. मग पाहुणे आले, शाल, बुके, फोटो, भाषण (विषय: वेळेचं महत्त्व, आईशपथ!), आणि शेवटी त्यांनी बॉलला लाथ मारली ती हुकली. मला बरं वाटलं. देव मला क्षमा करो.

म्हणजे एकासाठी वेळ बदलते. दोन तास बदलते.

आणि हे एवढ्यावर संपलं असतं तर मी अंघोळ करून झोपलो असतो, पोस्ट लिहीत बसलो नसतो. दुपारी मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या अंकलांचा फोन आला. "सलाम. आज संडेस्कूलला दिसली नाही पोरगी?" मी सांगितलं. ते म्हणाले, जरा तिला फोन दे. मला वाटलं ऑल द बेस्ट म्हणतील. दिला. पलीकडून काय म्हणाले ते मला नंतर कळलं: "बाळ, देव मोठा की फुटबॉल?"

तेरा वर्षांच्या पोरीला. जेवणाच्या ताटावर. तिनं फोन माझ्या हातात दिला आणि भात कालवून तसाच ठेवला.

आता मला माझ्या पप्पांबद्दल लिहावं लागणार. लिहायचं नव्हतं.

१९९४ साल. मी नववीत. शाळेच्या टीमचा लेफ्ट बॅक, तीन नंबर. आंतरशालेय फायनल रविवारी सकाळी नऊला पडली. पप्पा तेव्हा मंडळीच्या पंचात होते, पेटीही तेच वाजवायचे. मी शनिवारी रात्री विचारलं. ते पेटीचा भाता पुसत होते. वर न बघता म्हणाले, "उपासना झाल्यावर जा." बास. आमच्या घरी एवढ्यावर विषय संपायचा.

खडेबाजारातून एकशे दहा रुपयांना घेतलेले जुने स्टड्स, पिशवीत घालून मी देवळात नेले (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो). बाकाखाली ठेवले. त्या दिवशी उपदेश लांबला, नेमका. पिशवीतला एक स्टड माझ्या टाचेला लागत होता, मी पाय हलवला नाही. मला वाटत होतं की टाच लागतेय तोवर मॅच सुरू आहे. आशीर्वचनाचा आमेन अर्धा म्हणून मी पळालो. कॅम्पातून मैदानापर्यंत पळत. पोचलो तेव्हा पोरं चिंचेखाली बसून लिंबूसरबत पीत होती. दोन-एकनं हरलो होतो. माझी तीन नंबरची जर्सी आठवीतल्या एका पोराच्या अंगात, गुडघ्यापर्यंत. गोलकीपर म्हणाला, "आलास व्हय?"

एवढंच म्हणाला. त्या पोराशी माझी आजही दोस्ती आहे, ते वाक्य मात्र मी विसरलेलो नाही.

तर अंकलांचं म्हणणं. त्यांनी मला फोनवरच एरिक लिडेल सांगितला. आमच्या मंडळीत खेळाचा विषय निघाला की लिडेल निघतोच. १९२४चं पॅरिस ऑलिंपिक, शंभर मीटरची हीट रविवारी, हा स्कॉटलंडचा गडी म्हणाला मी रविवारी पळणार नाही. मग चारशे मीटर पळाला, ४७.६ सेकंद, सुवर्णपदक. टाळ्या. दर वर्षी संडेस्कूलच्या वार्षिकाला ही गोष्ट होते, मी स्वतः दोनदा सांगितली आहे.

पण सगळे इथंच थांबतात हो. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं, चारशेची तयारी करायला वेळ मिळाला, हे कोणी सांगत नाही. आमच्या पोरीला शुक्रवारी रात्री मेसेज आला. आणि पुढचं तर कुणीच सांगत नाही. तो मिशनरी होऊन चीनला गेला, युद्धात जपान्यांनी वेइशिएनच्या छावणीत कोंडलं. तिथं कोंडलेल्या पोरांचे खेळ तोच घ्यायचा. रविवारी खेळ नको हे तिथंही त्याचंच म्हणणं. पण एका रविवारी पोरं पंचाविना हॉकी खेळली आणि मारामारी झाली. पुढच्या रविवारी हा लिडेल, हाच, पंच म्हणून मैदानात उभा राहिला. ऑलिंपिकसाठी जे केलं नाही ते कोंडलेल्या पोरांसाठी केलं. १९४५च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत गेला, त्रेचाळीस वर्षांचा होता.

ही गोष्ट सांगा की वार्षिकाला.

हां, तिहेरी उडीवाल्या जोनाथन एडवर्ड्सचं उदाहरण अंकल देऊ शकले असते. आधी रविवारी उतरायचा नाही, १९९१ची जागतिक स्पर्धा त्यापायी सोडली, नंतर विचार बदलला, १९९५मध्ये १८.२९ मीटरचा विक्रम केला, आणि पुढं त्याची श्रद्धाच सुटली. द्या उदाहरण. मला उत्तर नाही.

पण एक सांगा, खेळ आणि आपण हे वैर कधीपासून? बास्केटबॉल १८९१मध्ये वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाळेत जन्मला, काढला तो धर्मशास्त्र शिकलेल्या नेस्मिथनं. चार वर्षांनी व्हॉलीबॉल, तोही वायएमसीएचाच. मद्रासला १९२०मध्ये पीटी शिक्षकांचं कॉलेज काढलं तेही त्यांनीच, आणि माझ्या लहानपणी ज्या सरांनी मला डाव्या पायानं बॉल अडवायला शिकवलं ते तिथलेच. बेळगावात लंडन मिशन १८२० साली आलं. मिशनच्या आवारातली ती व्हॉलीबॉलची जाळी आठवते ना? अंकलही तिथंच स्मॅश मारायचे, शर्ट काढून. बायबलातल्या पौलानं तर आपलं आयुष्यच शर्यतीच्या हिशेबात सांगितलंय.

कॅम्पातल्या कॅथलिक दोस्तांचं बरं आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा ऐकली की रविवारची भरते. आमच्याकडं तशी सोय नाही. मी दोन वर्षांपूर्वी कमिटीत सुचवलं होतं, पावसाळ्यात खेळांचा सीझन असतो, महिन्यातून एक रविवार सातची उपासना ठेवू. अर्धा तास चर्चा झाली. नामंजूर. कारण? सातला चहाची व्यवस्था होत नाही.

चहा!

एकीकडं नारळ, एकीकडं चहा, आणि मधे ती पोरगी, तिला विचारायचं देव मोठा की फुटबॉल.

मान्य आहे, प्रशिक्षकांचीही अडचण असते. आठवडाभर पोरं ट्यूशनला, मैदान रविवारीच मिळतं, आईबापांना सुट्टी रविवारीच. कळतं मला. आणि गणपतीत आमच्या टीमची प्रॅक्टिस बंद असते, त्याला आम्ही कधी नाक मुरडलंय? उलट विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते ती बघायला मीच पोरांना खांद्यावर घेऊन उभा राहिलोय. टीममधल्या दोन पोरांना शुक्रवारी नमाजाला जाऊ देतात, चांगलं करतात. आम्ही बेळगावात मूठभर, म्हणून आमचा दीड तास कुणाच्या हिशेबात बसत नाही, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. आम्ही कधी मागतच नाही. मीही फोनवर एकदा नाही म्हटल्यावर "बरं सर" म्हणून ठेवला. साठ आईबापांतल्या कुणालाही तिथं दोन तास उभं केलेलं आवडलं नव्हतं, आणि आम्ही साठहीजण पाहुण्यांना टाळ्या वाजवल्या. मीही.

संध्याकाळी लेकीला विचारलं, वाईट वाटलं का ग अंकलांचं? ती म्हणाली, "पप्पा, मी प्रार्थना केलो की." (पुण्याच्या मित्रांनो, आमच्याकडं पोरी 'केलो', 'गेलो'च म्हणतात, हसू नका.) कधी केलीस? म्हणाली, वॉर्मअपला. मैदानाला पूर्ण फेरी मारली की एक 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' होतं. तीनदा वॉर्मअप झाला, म्हणजे बारा फेऱ्या. "देवळात एकदाच म्हणतो आपण, पप्पा."

हे अंकलांना सांगावं असं आधी वाटलं. मग वाटलं नको, ते तिचं आहे. आता तुम्हालाच सांगून बसलो.

निकाल बुधवारी लागणार आहे. पहिल्या हाफमध्ये बरी खेळली, दुसऱ्यात एक बॉल पायाखालून गेला. राइट बॅकला खेळवलं, ती लेफ्टची आहे. असो.

१९९४च्या त्या दिवसाचं राहिलंच थोडं. मी मैदानावरून परत आलो, स्टड्स मागच्या पायरीवर फेकले आणि पांघरूण घेऊन झोपलो. संध्याकाळी पाण्याला उठलो तर पप्पा त्या पायरीवर बसले होते. देवळातला पांढरा शर्ट अजून अंगात, आणि हातात खिळा. माझ्या बुटांच्या तळातला प्रॅक्टिसचा वाळलेला चिखल एकेक खाच करून काढत होते. त्या दिवशी ते बूट मी पायातही घातले नव्हते. मला बघून काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आम्ही त्या फायनलबद्दल कधीच बोललो नाही, आजपर्यंत.

पप्पा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. मघाशी फोन केला. देवळात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, नात कुठाय. ते म्हणाले, "सांगितलं मी, खेळायला गेलीय म्हणून." मी म्हटलं, बरं केलंत. मग बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मला वाटलं फोन कटला.

"तिच्या बुटांचा चिखल काढलास काय?"

म्हटलं, ओले आहेत अजून पप्पा. पेपर कोंबून ठेवलेत.