गाडी राहू द्या, आधी रील चमकवा

डिटेलिंगचा, म्हणजे गाड्या आतून-बाहेरून बारकाईने साफ करून चमकवायचा स्टुडिओ टाकलाय ना, मग आता पॉलिशर, पॅड, मायक्रोफायबर असल्या किरकोळ गोष्टींत जीव अडकवू नका. आधी चांगला फोन घ्या, ट्रायपॉड घ्या आणि छताला त्या षटकोनी एलईडी लाईट्स ठोका. त्या नसतील तर तुमचं ते नुसतं वॉशिंग सेंटर, आणि वॉशिंग सेंटरला कोण फॉलो करतंय. बॉनेटवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखं प्रतिबिंब दिसलं की बघणाऱ्याला वाटलं पाहिजे आत काहीतरी ऑपरेशन चाललंय.

पहिली रील फेसाची. स्नो फोमचं खरं काम एवढंच की हात लावायच्या आधी धूळमाती भिजून सैल व्हावी आणि खाली वाहून जावी, त्याला ओघळणारा पातळ फेसही चालतो. पण पातळ फेसाला व्ह्यूज नसतात. म्हणून शाम्पू ओता भरपूर, गाडी दिसेनाशी झाली पाहिजे. मग आयर्न रिमूव्हर मारा, ब्रेक पॅडमधून उडालेले लोखंडाचे कण त्याला लागले की व्हील जांभळं रडायला लागतं, हा शॉट स्लो मोशनमध्येच घ्यायचा. पुढे हात धुवून घ्यायचे की गाडी, ते नंतर बघू.

बिफोर-आफ्टरची तर वेगळी कलाच आहे. बिफोर काढताना इन्स्पेक्शन टॉर्च अगदी पेंटला चिकटवून धरा म्हणजे कोळ्याच्या जाळ्यागत स्वर्ल मार्क्स, म्हणजे बारीक गोल ओरखडे दिसतात, कालच शोरूममधून निघालेल्या गाडीवर पण दिसतील काही काळजी करू नका. आफ्टर मात्र सावलीत आणि चार पावलं लांबून, दुरून डोंगर साजरे हे काय उगाच म्हणत नाहीत. त्यातून कुठे ओरखडे राहिलेच तर फिलरवालं ग्लेझ चोळा, ओरखडे जात नाहीत, भरले जातात, आणि काही धुण्यांनंतर परत वर येतात. पण तोवर रील होऊन गेलेली असते की!

आणि प्रत्येक गाडीला कंपाउंड, म्हणजे पेंट घासणारी पॉलिशची पेस्ट मारायचीच, गरज असो नसो, कारण अर्ध्या बॉनेटवर टेप लावून इकडे मळकं तिकडे चकाचक हा शॉट त्याशिवाय मिळत नाही. कंपनीच्या पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे सहसा डोक्यावरच्या केसाहून बारीक, आणि पॉलिश म्हणजे तोच थोडाथोडा घासून काढणं, गेलेला परत येत नाही. पण हे सांगत बसलात तर गिऱ्हाईक घाबरतं. त्यापेक्षा पेंटची जाडी मोजायचा गेज हातात धरून एक गंभीर फोटो टाका. साधा गेज प्रायमर, रंग, क्लिअर कोट सगळ्याची मिळून जाडी दाखवतो, क्लिअर कोट किती उरलाय ते दाखवत नाही, पण फोटोत कुठे आकडा वाचतंय कोणी.

सिरॅमिक कोटिंगच्या, म्हणजे पेंटवर चढवायच्या संरक्षक थराच्या पोस्टवर "९एच" मोठ्या अक्षरात पाहिजे म्हणजे पाहिजे. हे ९एच पेन्सिलच्या कडकपणाच्या टेस्टमधलं आहे, म्हणजे ९एचची पेन्सिल ओढली तर ओरखडा उठत नाही, एवढंच. लोक ते हिऱ्याला १० देणाऱ्या मोह्स मापातलं ९ समजतात, समजू द्या, तुम्ही कुठे बोललात तसं? बॉनेटवर लायटर पेटवून दाखवा. आपली गाडी कोणी पेटवणार असल्याची भीती अजून एकाही गिऱ्हाइकाने बोलून दाखवलेली नाही, तरी दाखवा. शेवटी पाण्याचे मोती घरंगळताना. नुसतं ताजं वॅक्स लावलं तरी ते तसेच घरंगळतात, त्यावरून कोटिंग किती टिकेल हे काहीच कळत नाही, पण दिसतं काय भारी राव!

इंटिरियरच्या रीलला मात्र तोड नाही. गिऱ्हाईक चावी देऊन गेलं रे गेलं की कॅमेरा सीटखाली घाला. बिस्किटाचा चुरा, कुत्र्याचे केस, पोरांच्या कार सीटच्या पट्ट्यात वाळलेलं दूध, कपहोल्डरच्या तळाला चिकटून बसलेलं नाणं, सगळं अगदी जवळून. वर लिहा "आजवरची सगळ्यात घाणेरडी गाडी" आणि उलटीची इमोजी. नंबर प्लेट झाकायची आठवण अपलोड झाल्यावरच येते तो भाग वेगळा. मालकाने माणसं कशी वापरतात तशीच गाडी वापरलेली असते, आणि लाजतलाजतच तुमच्याकडे दिलेली असते, म्हणजे कंटेंट किती अस्सल बघा. संध्याकाळी तो गाडी न्यायला येतो तेव्हा त्याच्या बायकोला कोणीतरी ती रील फॉरवर्ड केलेली असते. तुम्ही त्यालाच म्हणायचं, दादा, शेअर करा ना.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. दोन दिवस चाललेलं पेंट करेक्शन, म्हणजे ओरखडे पॉलिशने घासून काढायचं काम, पंधरा सेकंदांत कोंबायची सवय लागते (२०२० ला इन्स्टाग्रामवर रील्स आल्या तेव्हा मिळायचेच पंधरा सेकंद), मग गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारतं, थांबू का, किती वेळ लागेल? वर कोटिंग झाल्यावर आठवडाभर गाडी धुवायची नाही हे रीलमध्ये कुठेच नसतं, त्यामुळे तो दुसऱ्याच दिवशी बादली घेतो.

कमेंटमध्ये कोणी रेट विचारला तर चुकूनही सांगू नका, "इनबॉक्स चेक करा" म्हणा आणि इनबॉक्समध्ये गाडीचं मॉडेल विचारा, मग फोटो मागवा, मग तुमचा नंबर द्या आणि मग फोन उचलू नका. पत्ता आणि वेळ लिहून बायो खराब करू नका, तिथे "पॅशन" हा शब्द बसत नाही मग. व्ह्यूज येतायत ते भलत्याच देशांतून, बाकीचे लाईक दुसऱ्या डिटेलर्सचे, आणि उरलेली शाळेतली पोरं, ज्यांच्याकडे सायकल आहे. गाडी धुवायला समुद्र ओलांडून कोणी येत नाही हे खरं, पण आकडा तर आकडाच ना.

राहता राहिला तो एक स्टारवाला, तीन धुण्यांत ओरखडे परत आले म्हणून फोटोसकट लिहिणारा. त्याला उत्तरात लिहा की "सर तुम्ही गाडी चुकीची धुतली", मग त्याला ब्लॉक करा, आणि त्याच्याच गाडीचा आफ्टर शॉट नवीन गाणं लावून परत टाका, त्याला व्ह्यूज चांगले आले होते.