‘20 मेगापिक्सेल म्हणजे भंगार’ म्हणणाऱ्या वाचकांना

वृत्तपत्रासाठी कॅमेरा कसा निवडावा, या लेखात मी 20 मेगापिक्सेल पुरतात असं लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे: “काका, 20 मेगापिक्सेल म्हणजे आज भंगार. 45च्या खाली कुणी बघत नाही. क्रॉप कशातून करणार? मिररलेस, सायलेंट शटर, व्हिडिओ यावर एक ओळ नाही. कधी फील्डवर गेला होता का?”

‘काका’ चालेल, केस पिकलेच आहेत. पण टोपणनावाआडून ‘फील्डवर गेला होता का’ विचारायचं, याला शंका विचारणं म्हणत नाहीत, टोमणा म्हणतात. माझ्या हाताखाली शिकलेली मुलंही माझ्याशी भांडतात. तोंडावर आणि नीट बोलून भांडतात.

तर ऐका. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मी कलिन्यात कमरेएवढ्या पाण्यात, कॅमेरा दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून उभा होतो. कॅमेरा होता सहा मेगापिक्सेलचा. फोटो आठ कॉलमी लागला, फुटल्याची तक्रार कुणीही केली नाही. कशी करतील? आठ कॉलम म्हणजे साधारण 13 इंच. न्यूजप्रिंटवर शाई पसरते, तिथे इंचाला 200 पिक्सेल, म्हणजे फोटोचे ठिपके, पुरतात. झाले 2600. तुमच्या त्या ‘भंगारा’त रुंदीला साडेपाच हजार असतात. निम्मा फोटो कापून फेकलात तरी पान भरतं. क्रॉपचं उत्तर यातच आलं.

आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरगाव चौपाटीवर नेटवर्क मान टाकतं, डेस्कवरून ‘बाहेरगावची डाक आवृत्ती सुटतेय, फोटो कुठाय?’ असे फोन येत असतात, तेव्हा 45 मेगापिक्सेलच्या 20-20 एमबीच्या फाईली कशा सरकतात ते एकदा अनुभवाच. ‘मग कॅमेऱ्यात मीडियम साईज लावून फोटो लहान घ्या’ म्हणाल. म्हणजे पैसे 45चे मोजायचे आणि वापरायचे 25? निकॉनने 2007मध्ये डी3 आणला, तो अवघ्या 12 मेगापिक्सेलचा. बातमीचे फोटोग्राफर तरीही त्याच्यावर तुटून पडले, कारण 6400 आयएसओला, म्हणजे अगदी कमी उजेडासाठी संवेदनशीलता वाढवली तरीही, रात्रीचा फोटो छापण्याजोगा यायचा. आम्हाला अंधार झेपायला हवा असतो.

एवढं मान्य, की वानखेडेवर लांब लेन्स हाताशी नसेल तर जादा पिक्सेल कामी येतात. पण लेन्स मुंबईत भाड्याने मिळते.

सायलेंट शटर (आवाज न करता फोटो काढणं), व्हिडिओ वगैरे लेखाचा विषयच नव्हता. एलईडी दिव्यांखाली बहुतेक कॅमेऱ्यांच्या सायलेंट शटरने फोटोत पट्टे उमटतात, हे मात्र सभागृहात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने लिहा, सविस्तर उत्तर देईन. टोपणनावाची आली तर काढून टाकेन.