पणजीचा तो पाद्री इन्क्विझिशनचा नव्हे

काल मावशीने घरच्या ग्रुपवर सगळीकडे फिरणारा तो मेसेज टाकला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी बाईवर हात उगारलेल्या पाद्र्याचा जो पुतळा आहे, तो पाद्री म्हणे इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाच्या नावाखाली लोकांना शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, हिंदू बाईला छळतोय; पोर्तुगिजांनी आपल्या राजवाड्यापाशी मुद्दाम बसवला, काढून टाका. खाली मावशीचे हात जोडलेले. मावशी, जन्म पणजीत गेला तुझा, पुतळ्याखालचे नाव तरी वाचायचे!

तो आबे फारिया. जन्म १७५६, कांदोळीचा. बापाबरोबर १७७१ साली गोवा सोडला तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. पाद्री झाला तो रोममध्ये, १७८० साली. मग इथल्या बाईला त्याने छळले कधी? ती बाई संमोहनाच्या झोपेत जाते आहे. १८१३ पासून पॅरिसमध्ये फारिया हे प्रयोग लोकांसमोर करायचा. असे प्रयोग आधी करणारा वैद्य मेस्मर, त्याच्या पंथातले म्हणत, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखी शक्ती वाहते. फारियाने ते साफ नाकारले. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात, एकाग्रतेने आणि सूचनेने घडते, हे त्याचे म्हणणे. १८१९ साली, तो वारला त्याच वर्षी छापलेल्या त्याच्या फ्रेंच पुस्तकात ते आहे. माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही असे सांगणाऱ्या माणसाला तुम्ही छळवादी ठरवता?

आणि पुतळा घडवला कोणी? गोव्यातल्याच मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी.

पुतळा १९४५ सालचा, पोर्तुगीज अमलातला, हे मान्य. इन्क्विझिशन १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्ये थोडा खंड पडून, गोव्यात होते, लोक देव घेऊन नदीपार पळाले, हेही खरे. आमच्याही देवाने गाव सोडला तो तेव्हाच. म्हणूनच त्याचे पाप भलत्याच्या माथी मारलेले मला सोसत नाही. फारियाच्या बापावर तर पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या बंडात हात असल्याचा संशय खुद्द पोर्तुगिजांनीच घेतला होता!

राहिला राजवाडा. तो मुळात विजापूरच्या आदिलशहाचा. १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतला त्याच्याही आधीचा. व्हाइसरॉय तिथे कायमचे राहायला आले १७५९ साली. मुक्तीनंतर तिथेच आपले सचिवालय आणि २००० पर्यंत विधानसभा.

मावशीने तो मेसेज देवळाच्या ग्रुपवरही पाठवला आहे. हेही तिने तिथे आजच टाकावे.