खूण कशाची ठेवायची?

वाचणाऱ्या माणसाला भेट काय द्यावी हे सुचेनासं झालं की लोक बुकमार्क देतात. पुस्तक द्यावं तर ते घरात आधीच असायचं. बुकमार्क मात्र कितीही झाले तरी चालतात, असा समज आहे. त्यामुळे माझ्याकडे पैठणीच्या काठाचा आहे, वारली चित्राचा आहे, पितळी मोर आहे, चुंबकाचाही आहे. आणि रात्री डोळे मिटायला लागले की हाताला लागते ती केमिस्टची पावती.

पितळी मोर दिसायला देखणा. पण उताणं पडून वाचताना तो पानांतून निसटतो आणि थेट नाकावर उतरतो, तोही चोचीकडून. चुंबकाचा म्हणे सर्वांत सुरक्षित. असेल, नव्या कोऱ्या पुस्तकात. लायब्ररीतल्या पिवळ्या पडलेल्या प्रतीला लावला आणि काढताना पानाचा कोपरा त्याच्याबरोबर निघून आला. पैठणीवाल्याला खाली गोंडा आहे. तो आपल्यासाठीच लोंबकळत ठेवलाय, अशी आमच्या मांजरीची खात्री आहे. लाकडी तर इतका जाड, की तो घातला की पुस्तक लोकलमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारखं तोंड उघडं टाकून पडतं.

शेवटी एक साधा, सपाट, जाड कागदाचा बुकमार्क विकत आणायचं ठरवलं आणि थेट अप्पा बळवंत चौक गाठला. जून महिना. काउंटरवर पालकांच्या तीन रांगा. "बुकमार्क दाखवा," म्हटलं, तर मान वर न करता प्रश्न आला, "कितवीचं?"

लहानपणी हे सगळं फुकटात व्हायचं. पिंपळाचं पान पाण्यात कुजवायचं, नुसती जाळी उरली की सुकवून वहीत ठेवायचं. मोरपीस ठेवलं तर त्याला पिल्लू होतं म्हणून शेजारी खडूची पूड टाकायची. पिल्लू कधी झालं नाही, मराठीचं पुस्तक मात्र पांढरंफटक झालं. एसटीची तिकिटंही चालायची. कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीतली, पंचने भोकं पाडलेली, रंगीत. आता यंत्रातून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरं जाडजूड कादंबरी संपायच्या आत उडून जातात.

सासूबाईंना हा प्रश्नच नाही. त्यांची पोथी सुट्या पानांची. वाचलेलं पान पालथं घालायचं आणि अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. खूण लागतेच कशाला? हाच नियम मी कादंबरीला लावून पाहिला. प्रकरण सत्तर पानांचं निघालं आणि कुकरची डाळ तळाला लागली.

नवऱ्याचं म्हणणं, पानाचा कान दुमडावा आणि झोपावं. "पुस्तकाला काय दुखतंय?" यावर आमच्यात जितका अबोला झालाय तितका माहेरच्यांवरूनही झालेला नाही. लायब्ररीच्या पुस्तकाचे कान तो माझ्या धाकाने दुमडत नाही, एवढंच. मग खिशात येईल ते पानात घालतो आणि तसंच पुस्तक परत करून येतो.

परवा लायब्ररीतल्या काकांना म्हटलं, तुमच्याकडे एखादा साधासा बुकमार्क मिळेल का? त्यांनी टेबलाचा खण ओढला. परत आलेल्या पुस्तकांत सापडलेला ऐवज त्यात साठवलेला. लग्नपत्रिका, केसांचे आकडे, अगरबत्तीच्या पुड्याचं झाकण, एक दहाची नोट, कुणाच्या तरी गुडघ्याचा रिपोर्ट. "यातलं घ्या हवं ते," काका म्हणाले, "नोट सोडून."

चाळता चाळता आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याची पावती हाती आली. वर नवऱ्याचं आडनाव. जाताना दुकानात डोकावले. शर्ट तयार होता म्हणे, मागच्या दिवाळीपासून.