पॅटनच्या आधीचा फेथ नो मोर पण ऐका की

फेथ नो मोर या अमेरिकन रॉक बँडवरचा तुमचा लेख भारी आहे पण गायक माइक पॅटनच्या पहिल्या अल्बमपासूनच, म्हणजे १९८९ च्या 'द रिअल थिंग'पासूनच बँड सुरू झाल्यासारखं त्यात लिहिलंय, ते काही पटलं नाही. बिली गूल्ड, माइक बॉर्डिन, रॉडी बॉटम ही मंडळी ८० च्या सुरुवातीपासून सॅन फ्रान्सिस्कोत वाजवायली होती, गिटारवाला जिम मार्टिन हेवी मेटलमधला, मेटॅलिका बँडच्या बासवाल्या क्लिफ बर्टनचा दोस्त, अन् गायला चक मोझली. १९८५ चा पहिला अल्बम 'वुई केअर अ लॉट' तर पाच गाणी स्वतःच रेकॉर्ड केल्यावर मॉरडॅम या रेकॉर्ड कंपनीनं पुढचा खर्च उचलला तेव्हा पूर्ण झाला. हेडफोन लावून टायटल ट्रॅक ऐका, बास ठोकून वाजवलाय, त्यावर कीबोर्डचे लांब सूर अन् मधीच गिटार घुसते. आमच्या नांदेडला पोरं बँड काढायचा म्हणलं की आधी मेटल का रॉक यावरच भांडायलेत, त्यांनी हे ऐकलंच पाहिजे. मोझलीचा आवाज काहींना बेसूर वाटतो, मला तर तोच लई आवडतो. १९८७ च्या 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ' अल्बममधी तेच गाणं शब्द बदलून परत रेकॉर्ड केलंय, दोन्ही लागोपाठ लावून बघा. अन् 'द रिअल थिंग'चं बहुतेक संगीत पॅटन यायच्या आधीच तयार होतं, एवढं तरी लेखात टाका राव.