वंशावळ कोण विचारतं?

मांसासाठी गुरं पाळण्यावरच्या लेखातलं ‘नवख्याने थेट नोंदणीकृत अँगसच पाळावेत’, म्हणजे वंशावळ नोंदलेली अँगस जातीची गुरंच घ्यावीत, हे मत काही पटलं नाही. इथे अमेरिकेत, नेब्रास्कात आमच्या शेजाऱ्याकडे तसा कळप आहे. मार्चच्या थंडीत वासरू जन्मलं की लगेच काट्यावर, मग कानात गोंदण, वहीत आईबापाची नोंद. त्याची बायको म्हणते, पोरांच्याही एवढ्या नोंदी ठेवल्या नाहीत! इतकं करून पैदाशीसाठी वळू खपवायला बाजारात नाव लागतं, त्यात वर्षं जातात. साधी वासरं लिलावात वजनावर जातात. मी तर म्हणेन, वळू तेवढा नोंदणीकृत घ्या, गाई साध्या चालतील. हेरफर्ड या पांढऱ्या तोंडाच्या जातीच्या गाईंना काळा अँगस वळू दाखवला की काळी, पांढऱ्या तोंडाची वासरं होतात. संकरामुळे ती काटक निघतात, आणि त्यांना गिऱ्हाईकही हमखास मिळतं.